एकेचाळीस हजार एक

ताकुआरेम्बोच्या पशुनोंदणी कचेरीत
रात्रपाळीला मी आणि सुल्मा.
ऑगस्टचा गार वारा पत्र्यावर शिंगं घासतोय.
आत एकच सर्व्हर,
सरकारी खात्यात माणसं म्हातारी होतात तसा झालेला,
न कुरकुरता.

बासिलिसिओ इरिगोयेन मार्चमध्ये गेला.
मागे एकेचाळीस हजार गुरं, दोन मुलगे
आणि एक वकील, ज्याने लेखी कळवलंय:
वाटणी एका क्षणात व्हावी.
एक गाय आधी नको, एक मागून नको.
मधल्या वेळात एखादी व्याली, मेली, चोरीला गेली
तर ती कोणाची, यावर हे दोघे
आणखी वीस वर्षं भांडतील.

म्हणून मी एकच व्यवहार उघडला.
एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही.

गाय म्हणजे एक ओळ असती तर गोष्ट वेगळी.
गाय म्हणजे कानातला बिल्ला,
तिची आई, आईची आई,
लाळ्या-खुरकुताच्या लसी, दर हंगामाचं वजन,
कुठल्या कुरणातून कुठल्या कुरणात,
कोणाच्या ट्रकने, कोणाच्या सहीने.
आणि प्रत्येक ओळीमागे एक तपासणी,
"शेवटी करू" म्हणून
मेमरीत दावणीला बांधून ठेवलेली.

सर्व्हर खात गेला.
गाय निदान घाईत गिळलेलं
सावलीत बसून पुन्हा तोंडात आणते.
याला रवंथ माहीत नाही.
शेवटचा शब्द उच्चारेपर्यंत
गिळायचंही नाही, थुंकायचंही नाही,
गाल फुगवून नुसतं धरून ठेवायचं.

साडेबाराला सुल्माने मातेचा पेला भरला,
पंख्याकडे कान लावला, म्हणाली,
"याच्या कुशी उडतायत."

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी
पडदा गप्प.

लॉगमध्ये एक ओळ:
मेमरी संपली, प्रक्रिया मारली.
कोणी मारली? कर्नेलने.
सुल्माच्या पिढीला हा शब्द गणवेशात ऐकू येतो.
मी म्हटलं, तसा नव्हे. हा रागावत नाही.
रांगेवरून नजर फिरवतो,
सगळ्यात जास्त कोणी खाल्लंय ते बघतो
आणि त्याच्यावर बोट ठेवतो.
"मग खाटीकखान्यात काय वेगळं असतं?"
पेला माझ्या हातात देत ती म्हणाली.

तिचा बाप गुरं हाकायचा.
नदी आली की पन्नास पाण्यात, बाकीची काठावर.
पन्नास पलीकडे चढली
की चामड्याच्या पट्ट्यावर सुरीने एक खाच.
सगळी एकदम घातली की मधली बुडतात,
कडेची त्यांच्या पाठीवर चढतात.
"पन्नास-पन्नास कर, पोरा.
खाच पाड. पुढची पन्नास."

"आणि मधल्या वेळात?
अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे,
तेव्हा कळप कोणाचा?"

ती लगेच बोलली नाही.
किटलीतलं पाणी संपलं होतं, ती उठून गेली,
परत आली.
"बाप पाण्यात असायचा," ती म्हणाली.
"तोवर त्याचा."

सर्व्हर जागा झाला तेव्हा
त्याने सगळं होतं तसं मांडून ठेवलं होतं.
एकही बिल्ला हललेला नाही.
मी विचारलं, मालक?
एकेचाळीस हजार वेळा तेच नाव आलं,
पाच महिन्यांपूर्वी पुरलेल्या माणसाचं,
आणि पडदा खाली सरकत राहिला, सरकत राहिला.

मी वकिलाला पत्र लिहायला घेतलं.
"साहेब, क्षण" एवढंच लिहून थांबलो.

उजाडायच्या आत कुठल्याशा कुरणातून
एका मुकादमाने फोनवर नोंद केली:
कालवड. लाल, तोंड पांढरं. आईचा बिल्ला अमुक.
मालकाचा रकाना
आपोआप भरला गेला.